आधी परतीचं बघा

“विमानानं नेऊन सोडतात, हे कळलं. पण न्यायला विमान आलंच नाही तर?”

ध्रुवीय मोहिमांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा जरा संकोचून विचारतो, आपण काहीतरी बालिश विचारतोय अशा सुरात. पण अशा मोहिमांची आखणी करणारे लोक कामाला बसतात ते याच प्रश्नापासून. थंडी, कपडे, जेवण, तंबू हे सगळं नंतर येतं. पहिल्या कागदावर एवढंच लिहिलेलं असतं: परत कसं यायचं, कशातून यायचं, किती वजन घेऊन यायचं, आणि ते नाहीच जमलं तर काय.

१. वेलचेरीहून ध्रुवाकडे

चेन्नईत, वेलचेरीहून तांबरमला जाणाऱ्या रस्त्यावर, पल्लिकरणैच्या पाणथळीपासून जवळच, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं आवार आहे. संस्था १९९३ सालची. रोज त्या फाटकासमोरून बसनं जाणाऱ्या अनेकांना आत काय चालतं याचा पत्ता नसतो. तिथल्या अभियंत्यांनी तयार केलेली ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा जुलै २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या काँग्सफ्योर्ड या खाडीत, सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात सोडली गेली. सोबत होतं गोव्याच्या वास्कोमधलं ध्रुवीय संशोधन केंद्र. त्या खाडीपासून उत्तर ध्रुव उरतो सुमारे १,२०० किलोमीटर.

वेधशाळा म्हटल्यावर घुमट डोळ्यांसमोर आणू नका. तळाशी एक जड नांगर, त्याला बांधलेला लांब दोर, दोराला वेगवेगळ्या खोलीवर अडकवलेली उपकरणं आणि वर ताण धरून ठेवणारे तरंगते गोळे, एवढीच तिची रचना. पाण्याचं तापमान, क्षार, प्रवाह यांच्या नोंदी उपकरणं आपल्या पोटात साठवत राहतात. पाण्याखालून रेडिओ लहरी नीट जात नाहीत, म्हणून त्या नोंदी चेन्नईला आपोआप येत नाहीत. माणसानं पुन्हा तिथं जायचं, बोटीतून ठरावीक आवाजाचा संकेत सोडायचा, त्या संकेतानं नांगराजवळची कडी सुटते, गोळे दोरासकट वर येतात, आणि मग वर्षभराच्या नोंदी हातात पडतात. यंत्र नुसतं सोडून आलं तर काहीच मिळत नाही. ते परत आणलं तरच मोहीम झाली.

खाडीच्या काठावर नी-ओलेसुंड नावाची संशोधन वसाहत आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथं २००८ पासून आहे. हिवाळ्यात वस्ती तीस-पस्तीस माणसांची, उन्हाळ्यात शंभराच्या वर जाते. चेन्नईहून निघालेला माणूस ओस्लोमार्गे स्वालबार्डवरच्या लाँगइयरब्येनपर्यंत मोठ्या विमानानं पोचतो. तिथून पुढे रस्ता नाही. लहानसं डॉर्नियर २२८ विमान अर्ध्या तासाच्या आत पलीकडे नेऊन उतरवतं. चेन्नईकरांना हे विमान अनोळखी नाही. तटरक्षक दलाची डॉर्नियर मीनंबाक्कमच्या विमानतळावरून उडतात, आणि ती कानपूरला बनलेली असतात.

२. तराजू

मोठ्या विमानात आपली बॅग मोजतात. लहान विमानात बऱ्याचदा आपल्यालाही मोजतात, तेही बूट, जाकीट आणि खिशातल्या सामानासकट. त्यात लाजण्यासारखं काही नाही. विमान लहान झालं की एका माणसाचं वजन हा एकूण वजनाचा मोठा हिस्सा ठरतो.

इथं एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. विमान ‘किती वजन नेतं’ याचं एकच एक उत्तर नसतं, कारण इंधनही वजनच असतं. जितकं लांब जायचं तितकं इंधन जास्त आणि सामान कमी.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी गोल धरले आहेत. समजा, एक विमान माणसं, सामान आणि इंधन मिळून १,५०० किलो उचलतं. तासाला २५० किलो इंधन खातं. जायला दोन तास, यायला दोन तास. उतरायच्या जागी इंधन मिळत नाही. जाण्यायेण्याच्या चार तासांना १,००० किलो लागलं. हवा बिघडली तर दुसरीकडे वळता यावं म्हणून एक तासाचं २५० किलो राखीव. उरले २५० किलो. जड कपड्यांतली दोन माणसं धरली तर १८० गेले. आता शिल्लक ७० किलो, त्यात दोघांचे तंबू, अन्न, चूल, उपकरणं, सगळं.

आता समजा, पलीकडे परतीचं ५०० किलो इंधन आधीच ठेवलेलं आहे. मग निघताना फक्त दोन तासांचं आणि राखीव मिळून ७५० किलो घ्यावं लागेल, आणि माणसं-सामानासाठी ७५० किलो मोकळे होतील. एकदम तिप्पट.

पण ते इंधन तिथं ठेवणार कोण? तेच विमान ठेवणार असेल तर एका खेपेत २५० किलो नेता येईल. म्हणजे दोन खेपा, आणि प्रत्येक खेपेला जाण्यायेण्यात १,००० किलो जळणार. ५०० किलो इंधन साठवायला २,००० किलो जाळायचं! चेन्नईच्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवावा आणि त्यानं वाटेत आपल्यातलंच बहुतेक पाणी पिऊन दोन घागरी आपल्या दारात ओताव्यात, तसा हा प्रकार.

दुर्गम जागी विमान महाग का पडतं, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. तिकिटाचे पैसे आपल्या बॅगेचे नसतात, तिच्या खाली जळणाऱ्या इंधनाचे असतात.

३. जहाजाचं जहाजाला, विमानाचं विमानाला

म्हणून जाणकार लोक सामानाची वाटणी करतात. जड आणि न नासणारं ते जहाजानं, महिनोन्‌महिने आधी. माणसं, नाजूक उपकरणं, औषधं आणि ऐन वेळी लागणारे सुटे भाग विमानानं.

भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा सुरुवातीला पूर्णपणे जहाजावर अवलंबून होत्या. पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये पोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. त्या मोहिमेनं ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारलं. ते पुढे बर्फात गाडलं गेलं. आता आपली दोन केंद्रं चालू आहेत, खडकाळ जमिनीवरची: ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२). दोन्हींच्या मध्ये सुमारे ३,००० किलोमीटर बर्फ.

आजचे बरेच सदस्य केपटाउनहून विमानानं जातात. अकरा देशांनी मिळून चालवलेल्या हवाई जाळ्यात भारतही आहे. मोठं इल्यूशिन-७६ विमान सुमारे ४,२०० किलोमीटरचा समुद्र ओलांडून अंटार्क्टिकात नोवो इथल्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. मैत्री तिथून जवळ आहे. पुढे लांब जायचं असेल तर पट्ट्या लावलेली, म्हणजे चाकांऐवजी बर्फावर घसरत उतरणारी लहान विमानं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गंमत अशी, की ऐन उन्हाळ्यातही अडचण येते. उन्हानं धावपट्टीचा वरचा बर्फ मऊ पडला की चाकांच्या जड विमानाला ती पेलत नाही. अंटार्क्टिकात विमान गरमीमुळे रखडतं हे कुणाला सांगून पटत नाही.

या उड्डाणात वैमानिकाच्या नकाशावर एक रेषा असते. तिच्या अलीकडे असताना नोवोची हवा बिघडल्याचं कळलं तर केपटाउनला परतण्याइतकं इंधन टाकीत असतं. पलीकडे गेल्यावर नसतं. मध्ये उतरायला एक बेटसुद्धा नाही. त्यामुळे ती रेषा यायच्या आत ताज्या हवामानाचा निरोप घेऊन पुढे की मागे हे ठरवावं लागतं. चार तास आकाशात राहून पुन्हा केपटाउनलाच उतरलेल्या प्रवाशांची चिडचिड होते. पण त्या दिवशी आखणी फसलेली नसते. ती बरोबर चाललेली असते.

४. जाताना हलकं, येताना जड

आता एक वेगळा प्रवास बघू, कारण परतीच्या वजनाचा धडा त्याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे मिळत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि हौशी शिकारीचे दिवस आपल्याकडे संपले ते बरंच झालं, असं माझं मत. पण अलास्कात आणि कॅनडाच्या उत्तरेला मूसची शिकार कायद्याच्या चौकटीत चालते. परवाना, हंगाम, ठरलेली संख्या, सगळं बांधलेलं. अनेक घरांत वर्षाचं मांस त्यातूनच येतं.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. अलास्कातला मोठा नर ७०० किलोपर्यंत भरतो आणि त्यातून खाण्याजोगं मांस सव्वादोनशे किलोच्या आसपास निघतं. शिकारी तिथं जातात ते तरंगत्या पायांच्या लहान विमानातून, एखाद्या तळ्यावर उतरून. बीव्हर हे त्या कामाचं नावाजलेलं विमान. ते पहिल्यांदा उडालं १९४७ साली, आणि आजही उडतंय.

दोन मित्र निघाले. दोघांचं वजन १८० किलो, सामान १२० किलो, मिळून ३००. समजा, विमान इंधन सोडून ४०० किलो नेतं. एका खेपेत दोघं तळ्याकाठी पोचले, वर शंभर किलो जागा शिल्लक. खूश. आठ-दहा दिवसांनी दोघांनाही मूस मिळाले. आता मांसच ४५० किलो, शिंगं वेगळी, आणि तीच दोन माणसं, तंबूही तेवढाच. फक्त अन्नाच्या वीसेक किलोंची बचत. बेरीज ७३० च्या पुढे. विमान ४०० किलोचं. म्हणजे परतीच्या दोन खेपा, आणि त्या घरून निघण्याआधीच सांगून, पैसे ठरवून ठेवायला हव्यात. नाहीतर वैमानिक एक खेप करून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो आणि मांस उन्हात पडून राहतं.

अलास्काचा कायदा इथं कडक आहे. खाण्याजोगं मांस मागे टाकणं हा गुन्हा. शेवटची मांसाची खेप निघायच्या आधी शिंगं हलवायची नाहीत. आणि ज्या दिवशी विमानानं उतरलात त्या दिवशी शिकार करायची नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतर. वरून प्राणी हेरून लगेच खाली उतरण्याला आळा घालायला हा नियम. परदेशी नागरिकाला तर परवानाधारक वाटाड्या सोबत असल्याशिवाय मोठ्या प्राण्याची शिकार करताच येत नाही.

त्यामुळे तिथले मुरलेले वैमानिक नवख्याला पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय काय नेणार’ हा नाही. ‘काय काय आणणार’ हा. मूस पाण्यापासून तीन किलोमीटरवर पाडला तर पाठीवरून किती फेऱ्या होतील? तीस किलोची एक फेरी धरली तर एका मूसच्या मांसाला सात-आठ फेऱ्या, म्हणजे चिखलातून जाऊन-येऊन पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. हे गणित बंदूक खांद्याला लावायच्या आधी करायचं असतं.

ध्रुवीय मोहिमेचं परतीचं ओझं दुसऱ्या जातीचं, पण हिशेब तोच. अंटार्क्टिक पर्यावरणाचा माद्रिद करार १९९१ मध्ये झाला आणि १९९८ पासून लागू आहे. भारतानं २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही केला. कचरा तिथं पुरून टाकता येत नाही. प्लास्टिक, बॅटऱ्या, रिकामी पिंपं, रसायनं हे सगळं परत. त्यावर संशोधनाचे नमुने. बर्फाचे गाभे गोठलेल्याच अवस्थेत वास्कोला पोचवायचे, वाटेत विषुववृत्त ओलांडून. खाऊन संपलं की डबा हलका होतो, हा आपल्या सहलींचा अनुभव तिथं पुरता खरा ठरत नाही. डबा परत आणावा लागतो.

५. परतीचा शिक्का

वजनाइतकाच कागदही परतीला अडवतो. स्वालबार्डचा करार १९२० चा. त्यानुसार तिथं जायला व्हिसा लागत नाही. मग वाटेतल्या ओस्लोसाठी युरोपचा साधा, एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा काढला की झालं, असं वाटतं. पण स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ओस्लोहून तिकडे निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत येताना पुन्हा आत यायचंय. म्हणून दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. यात चूक झाली तर जाताना कुणी अडवेलच असं नाही. चूक कळते ती येताना.

बॅटऱ्यांचंही तसंच. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, आणि मोठ्या उपकरणांचे जड संच तर प्रवासी विमानात सोबत नेताच येत नाहीत. ते माल म्हणून, नियमांनुसार बांधून, आधी रवाना करावे लागतात.

६. विमान येत नाही ते दिवस

डिसेंबर २०१५ चा पूर ज्यांनी वेलचेरीत काढला त्यांना हा भाग समजावून सांगायची गरज नाही. १ डिसेंबरच्या रात्री विमानतळ बंद झाला, प्रवासी उड्डाणं पुन्हा सुरू झाली ती ६ तारखेला. मधल्या काळात अरक्कोणमच्या नौदलाच्या तळावरून विमानं सोडली गेली. तळमजले पाण्यात, वीज नाही, फोन मेलेले, दुधाची पिशवी दुर्मीळ. महानगराच्या आत राहूनही माणूस तुटलेलं बेट होऊ शकतो, हे त्या आठवड्यात कळलं. वरच्या मजल्यावर ज्यांच्याकडे पिण्याचं पाणी, गॅस आणि चार दिवसांचा शिधा होता त्यांना तो आठवडा निभावता आला.

दुर्गम प्रवासात अशा दिवसांना अपघात मानत नाहीत. ते वेळापत्रकातच लिहिलेले असतात. दहा दिवसांचा बेत असेल तर पंधरा दिवसांचं अन्न, आणि पुढच्या शहरातलं परतीचं तिकीट बदलता येईल असं. थंडीत अंगमेहनतीच्या माणसाला दिवसाला सुमारे ३,५०० उष्मांक हवेत. कोरडं अन्न निवडलं तर ते ८०० ग्रॅममध्ये बसतं. दोन माणसांचे दहा दिवस म्हणजे १६ किलो, पंधरा दिवस म्हणजे २४ किलो. जादा आठ किलोंत पाच दिवसांची निश्चिंती मिळते. इथं आपला स्वयंपाक उपयोगी पडतो. तूप १०० ग्रॅमला जवळजवळ ९०० उष्मांक देतं. पोहे, सत्तू, चिक्की, सुकं खोबरं यांत पाणी जवळपास नसतं, म्हणून वजनाच्या मानानं ते दमदार. उलट टिनातली भाजी म्हणजे विमानातून नेलेलं पाणी.

अन्न निवडताना नियमही पाहावे लागतात. पक्ष्यांच्या मांसावर अंटार्क्टिकात विशेष नजर असते. जिवंत कोंबड्या न्यायला बंदी आहे, आणि साफ केलेली कोंबडीसुद्धा रोगासाठी तपासूनच पाठवायची. तिथल्या पेंग्विनना बाहेरचा आजार लागू नये म्हणून.

मोहिमेवर निघणाऱ्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला बर्फातलं प्रशिक्षण असतं. तपासणी एवढी कडक का? हिवाळ्यात केंद्रावर राहणाऱ्यांकडे शेवटचं जहाज गेल्यावर कित्येक महिने बाहेरून कुणी येऊ शकत नाही. दात दुखला तरी तिथलाच डॉक्टर. इस्रोच्या मंगला मणी भारती केंद्रावर ४०३ दिवस राहिल्या, तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढच्या होत्या.

नी-ओलेसुंडला आणखी एक प्रशिक्षण असतं, बंदुकीचं. वस्तीबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ हवं, म्हणून शास्त्रज्ञांना रायफल हाताळायला शिकवतात. अस्वल संरक्षित आहे. गोळी झाडायची वेळ येऊ नये यासाठीच सगळी काळजी. वेलचेरीहून बंदूक न्यायची नसते, ती तिथंच मिळते. मूसच्या शिकाऱ्यांना मात्र स्वतःची न्यायची असते. ती कुलूपबंद कडक पेटीत, विमान कंपनीला आगाऊ सांगून, आणि काडतुसं वेगळी, सहसा माणशी पाच किलोपर्यंत.

७. एक कागद

आखणीच्या शेवटी एक कागद तयार करायचा. विमानात काय भरलं याची ती यादी नव्हे. मागे राहिलेल्या माणसानं कधी काळजी करायला लागायचं, हे त्यावर लिहायचं.

जागेचे अक्षांश-रेखांश, विमान कुठं उतरवणार, पाणी वाढलं किंवा बर्फ फुटला तर पर्यायी जागा कुठली. कोण कोण आहे, प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू औषधं. तंबूचा रंग, कारण वरून शोधणाऱ्याला तोच आधी दिसतो. उपग्रहावरून निरोप पाठवण्याचं यंत्र कोणतं आणि त्याचा क्रमांक. रोज किती वाजता निरोप येणार. एक निरोप चुकला तर काही करायचं नाही, बॅटरी थंडीनं बसली असेल. सलग दोन चुकले तर वैमानिकाला फोन. तिसराही चुकला तर बचाव यंत्रणेला. आणि हे फोन नेमके कोण करणार, त्या माणसाचं नाव. ‘घरचे करतील’ असं लिहून चालत नाही. घरात चार माणसं असतील तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केला असेल.

या कागदाची एक प्रत वैमानिकाकडे, एक घरी, एक तंबूत. घरची प्रत फ्रिजच्या दारावर लावायची. विमान ठरल्या दिवशी आलं नाही तर तंबूतल्या दोघांनी काय करायचं तेही तिसऱ्या प्रतीत असतं: जागा सोडायची नाही, अन्न त्या दिवसापासून निम्म्यावर आणायचं, आणि सामान बांधून काठावर ठेवायचं, कारण ढग तासाभरासाठीच उघडले तर वैमानिक थांबणार नाही.